मोटार-विमा कोणाची आठवण ठेवतो?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मावळात वाढलेल्या माणसाला अपघात या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. बोरघाटातून चाकांची वाहतूक सुरू करणारा रस्ता १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. पुढे घाटातून आगगाडी आली, मोटारी आल्या, आणि २००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वाहने बदलली, वेग बदलला; उतार, धुके आणि पाऊस मात्र आहेत तेथेच आहेत. एकट्या द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी ही संख्या शून्यावर आणण्याचा संकल्प करून एक मोहीम हाती घेण्यात आली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

अशा रस्त्यावर एखाद्या चालकाने वीस-पंचवीस वर्षे गाडी चालविली आणि कोणाला ओरखडाही येऊ दिला नाही, तर त्याची नोंद कोठे होते? अपघात केला असता तर पोलीस ठाण्यात झाली असती, रुग्णालयात झाली असती, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही झाली असती. न झालेल्या अपघाताची दप्तरे कोणी ठेवीत नाही. याला एकच अपवाद आहे, असे आपण समजतो, आणि तो म्हणजे मोटार-विमा. ज्याचा पूर्वेतिहास चांगला त्याला हप्ता कमी, ज्याचा वाईट त्याला जास्त, असे विम्याचे तत्त्व पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. हे तत्त्व आपल्याकडे प्रत्यक्षात कितपत उतरते, आणि विमा आठवण ठेवतो ती नेमकी कोणाची व कशाची, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विचार आहे.

प्रथम तत्त्व पाहू. विमा कंपनीला गाडी दिसते, तिचे वय व इंजिनाची क्षमता दिसते. चाकावरचा हात दिसत नाही. सावध माणूस कोण आणि बेफिकीर कोण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक नसले की बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन १९७० साली मांडले होते, व २००१ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विम्यात ही स्थिती उलटी असते: येथे माहिती घेणाऱ्यापाशी असते. मग कंपनीने काय करावे? माणसाचे मन वाचता येत नाही, तेव्हा त्याचे मागचे वागणे वाचावे. गेल्या चार-पाच वर्षांत काय घडले हाच पुढच्या वर्षाचा त्यातल्या त्यात बरा अंदाज. शिवाय आज केलेली चूक उद्याच्या हप्त्यात उमटणार हे माहीत असले म्हणजे माणूस आजच ब्रेकवर पाय ठेवतो. म्हणजे जुन्या अपघाताचा हप्त्याशी संबंध जोडण्यामागे दोन हेतू असतात, एक ओळखण्याचा आणि दुसरा वळण लावण्याचा.

आता आपल्याकडची व्यवस्था. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात आणि त्यांचा स्वभाव परस्परांहून अगदी वेगळा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई करणारा भाग तो ‘थर्ड पार्टी’. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील यासंबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले, तेव्हापासून हा विमा सक्तीचा आहे. सध्याच्या १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ नेही ती सक्ती कायम ठेवली आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक. दोन्ही एकत्र घेतले म्हणजे आमच्याकडे लोक त्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १०७ विमाकंपन्यांच्या चार कंपन्या केल्या गेल्या, व दर सर्वत्र एकच राहिले. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या पुन्हा आल्या. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्यांनी आपापले ठरवावेत अशी मोकळीक मिळाली. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी अधिसूचनेनेच ठरतो.

पूर्वेतिहासाला किंमत आहे ती या दोहोंपैकी फक्त ऐच्छिक भागात, आणि तिचे नाव ‘नो क्लेम बोनस’. एक पूर्ण वर्ष दावा केला नाही तर पुढील वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट. सलग दोन वर्षे केला नाही तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे शिडी संपते. चढायला पाच वर्षे लागतात. उतरायला एक दावा पुरतो. कोणत्याही पायरीवर असा, दावा केला की पुढील वर्षी सूट शून्य.

हे शून्य किती महाग पडते ते पाहण्यासाठी एक हिशेब करू. समजा, एखाद्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला १२,००० रुपये आहे आणि मालक वरच्या पायरीवर आहे, म्हणजे तो ६,००० च भरतो. या वर्षी त्याने दावा केला. पुढील वर्षी त्याला पूर्ण १२,००० भरावे लागतील, म्हणजे ६,००० जास्त. त्यापुढील वर्षी २० टक्के सूट मिळून ९,६००, म्हणजे ३,६०० जास्त. मग ९,०००, मग ७,८००, मग ६,६००. म्हणजे अनुक्रमे ३,०००, १,८०० आणि ६०० जास्त. सहाव्या वर्षी तो पुन्हा होता तेथे येतो. एकूण जादा भरणा १५,००० रुपये. गाडी जुनी होत जाते तशी तिची विमाकृत किंमत उतरते (पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्के घट धरतात, चार वर्षे उलटली की ५० टक्के), त्यामुळे मूळ हप्ताही खाली येतो आणि प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा काहीसा कमी भरतो. पण चित्र बदलत नाही. एका दाव्याची सावली पाच वर्षे लांब असते.

यावरून एक गोष्ट उघड होते. दुरुस्तीचा खर्च १५,००० हून कमी असेल तर वरच्या पायरीवरच्या मालकाने दावा करणे हा तोट्याचा व्यवहार. त्यातच प्रत्येक दाव्यातील पहिली ठराविक रक्कम मालकानेच सोसायची असते (१,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये), आणि बदललेल्या प्लॅस्टिकच्या व रबराच्या भागांची अर्धीच किंमत मिळते. बंपर आजकाल प्लॅस्टिकचाच असतो. शहाणा माणूस मग काय करतो? अपघात होतो, दावा होत नाही. विमाशास्त्रात या प्रवृत्तीला ‘बोनसची भूक’ असे नाव आहे. लोणावळ्याच्या बाजारपेठेपासून वलवणपर्यंतच्या गॅरेजांत ती रोज पाहावयास मिळते. गाडी आली की मिस्त्री प्रथम विचारतो, ‘‘क्लेममध्ये करायचंय का रोखीत?’’ बहुतेक किरकोळ कामे रोखीत होतात, आणि विमा कंपनीच्या दप्तरी ते वर्ष अपघातविरहित म्हणून नोंदले जाते.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा की, ही सूट अपघाताची आठवण ठेवीत नाही, दाव्याची ठेवते. दोन्ही एक नव्हेत. वर्षातून चार वेळा कोणाला ना कोणाला घासणारा परंतु खिशातून पैसे भरणारा माणूस तिच्या लेखी निर्दोष. उलट २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली तशी दरड गाडीवर येऊन कोणी दावा केला, तर त्यात चालकाचा काडीचाही दोष नसता बोनस मात्र जातो. दोष कोणाचा हा प्रश्न या पद्धतीत विचारलाच जात नाही. नुकसान किती हेही विचारले जात नाही. आरसा तुटला काय आणि अर्धी गाडी चेपली काय, सूट जाते ती सारखीच. माझ्या मते हा या पद्धतीतला मोठा दोष आहे, यद्यपि कंपन्यांच्या दृष्टीने त्यात सोय आहे. किरकोळ दाव्यांच्या पाहणीचा आणि कागदपत्रांचा खर्च वाचतो, आणि सगळ्यांचाच मूळ हप्ता त्यामुळे थोडा खाली राहत असला पाहिजे.

या स्मृतीला विस्मरणाचे नियमही आहेत. विम्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठलेला बोनस नाहीसा होतो. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन थांबले तेव्हा आमच्या वस्तीतील एक टॅक्सी कित्येक महिने पिंपळाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. हप्त्याला पैसे नव्हते, मुदत टळली, आणि उभ्या गाडीचा पाच वर्षांचा बोनस गेला. तिने त्या काळात अपघात करावा तरी कसा! दुसरीकडे, थोडा जादा हप्ता भरून ‘बोनस-संरक्षण’ विकत घेता येते. मग दावा होऊनही सूट टिकते. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला आपला इतिहास पुसून घेण्याची ही सोय आहे, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

एवढे झाल्यावर मुख्य मुद्द्याकडे येते. नो क्लेम बोनस कोणाच्या नावावर असतो? तो गाडीचा नसतो. गाडी विकली तर घेणाऱ्याला तो मिळत नाही. मालक आपल्या नव्या गाडीवर तो घेऊन जाऊ शकतो. विमा कंपनी बदलली तरी तो टिकतो, आणि गाडी विकून नवी लगेच घेतली नाही तर तसे पत्र घेऊन तीन वर्षांपर्यंत राखून ठेवता येतो. नियमांच्या मागची कल्पना स्पष्ट आहे: सावधपणा हा लोखंडाचा गुण नसून माणसाचा गुण आहे. कल्पना योग्यच आहे. पण तो माणूस म्हणजे मालक असे धरले आहे. आपली गाडी आपणच चालविणारा मुंबईचा किंवा पुण्याचा मध्यमवर्गीय गृहस्थ डोळ्यांसमोर ठेवून हे नियम केलेले असावेत. लोणावळ्यात गाडीचा मालक आणि गाडीचा चालक या पुष्कळदा दोन व्यक्ती असतात.

माझे वडील अशांपैकी एक आहेत. एकवीस वर्षे ते पर्यटकांची गाडी चालवितात: स्टेशन, भुशी धरण, कार्ला-भाजे, पवनानगर, कधी पुणे विमानतळ, कधी रातोरात मुंबई. या काळात त्यांनी तीन मालकांच्या गाड्या चालविल्या. विम्याचे कागद इंग्रजीत असतात आणि घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच, म्हणून गेली दोन-तीन वर्षे मालकाकडून येणारे ते कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यांतील एका रकान्यात ‘नो क्लेम बोनस ५० टक्के’ असे छापलेले असते. पहिल्यांदा वाचून दाखविले तेव्हा वडिलांनी विचारले, ‘‘म्हणजे हे आपल्याला मिळतं का?’’ मी म्हटले, ‘‘नाही आप्पा, मालकांना.’’ ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे, गाडी त्यांची.’’

मला ते तितकेसे बरोबर वाटत नाही. मागच्या पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात मागून आलेल्या एका दुचाकीने गाडीचा बंपर फोडला. दुरुस्ती साडेचार हजारांची. मालकांनी वरच्याच हिशेबाने दावा केला नाही, व ती रक्कम वडिलांच्या पगारातून तीन हप्त्यांत वळती झाली. यात मालक दुष्ट आहेत असे मला म्हणावयाचे नाही. लोणावळ्यात हीच रीत आहे, आणि बहुतेक चालक ती निमूटपणे पाळतात. परंतु अर्थशास्त्राच्या भाषेत येथे काय झाले ते पाहा. सूट मालकाची आणि ती सूट टिकविण्याचा खर्च चालकाचा. उद्या वडिलांनी मालक बदलला किंवा कर्ज काढून स्वतःची जुनी गाडी घेतली, तर त्या गाडीचा पहिला हप्ता शून्य टक्के सुटीने सुरू होईल. आणि त्याच दिवशी मालकांनी गाडीवर काल परवाना मिळालेला मुलगा ठेवला, तर त्याच्या हाती पन्नास टक्के सुटीची गाडी जाईल. म्हणजे कंपनीला जी गोष्ट ओळखावयाची होती तीच नेमकी चुकीच्या ठिकाणी ओळखली गेली.

आता थर्ड पार्टीकडे वळू. येथे प्रश्नच नाही, कारण येथे कसलीच आठवण नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या मोटारीला ७,८९७ रुपये असा हप्ता ठरविला गेला. भाड्याच्या टॅक्सीला याहून पुष्कळ अधिक, कारण ती जास्त धावते. या दरांत विजेवर चालणाऱ्या गाडीला १५ टक्के सूट दिली, संकरित गाडीला साडेसात टक्के, शैक्षणिक संस्थांच्या बसगाड्यांना १५ टक्के, आणि जुन्या दुर्मिळ मोटारी हौसेने बाळगणाऱ्यांना तर ५० टक्के. अपघात न करणाऱ्याला सूट नाही. करणाऱ्याला दंडही नाही. ज्याच्या गाडीखाली माणूस गेला आणि ज्याच्या गाडीसमोर कुत्रेही दचकले नाही, ते दोघे पुढील वर्षी एकच रक्कम भरतात.

हे ऐकून राग येतो. पण लगेच निकाल देऊ नये. थर्ड पार्टी विमा हा गाडीवाल्यासाठी नसून रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी आहे. कामशेतच्या चौकात रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला धडक बसली तर तिच्या घरच्यांना भरपाई मिळावी, गाडीवाला कफल्लक असला तरी मिळावी, हा त्याचा उद्देश. मृत्यू वा शारीरिक इजा झाल्यास या विम्यात भरपाईला रकमेची मर्यादा नाही. अशा वेळी वाईट इतिहास असलेल्याचा हप्ता फार वाढविला तर तो काय करील? बहुधा विम्याविनाच गाडी पळवील. १ सप्टेंबर २०१९ पासून विम्याविना गाडी चालविण्याचा पहिला दंड २,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंतची कैद, यांपैकी एक वा दोन्ही, असा आहे. २,००० रुपये दंड आणि ७,८९७ रुपये हप्ता यांची तुलना ज्याची त्याने करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नव्या मोटारीला तीन वर्षांचा व नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, तो याच भीतीपोटी: दरवर्षीचे नूतनीकरण लोक टाळीत होते. म्हणून हा दर सपाट ठेवण्यात काही शहाणपण आहे हे मान्य करावे लागते. पण दर सपाट ठेवणे वेगळे आणि नोंदच न ठेवणे वेगळे.

इतर देशांत काय करतात? फ्रान्समध्ये १९७६ पासून सर्व कंपन्यांना बांधील असे एकच कोष्टक आहे. आरंभी गुणक १. दोषाविना गेलेल्या प्रत्येक वर्षी तो पाच टक्क्यांनी घटतो, दोषी ठरलेल्या प्रत्येक अपघाताला पंचवीस टक्क्यांनी वाढतो. ०.५० च्या खाली उतरत नाही आणि ३.५० च्या वर चढत नाही. तळाला जायला तेरा वर्षे लागतात. चूक अर्धी असेल तर वाढही अर्धी. आणि मला सर्वांत आवडलेला नियम हा की, कितीही वाईट इतिहास असला तरी सलग दोन वर्षे अपघात केला नाही तर गुणक पुन्हा १ वर येतो. आठवण आहे, पण जन्मठेप नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी १९८८ साली कौल देऊन असा कायदा केला की, हप्ता ठरविताना सर्वांत जास्त वजन चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला द्यावे, त्यानंतर वर्षभरात किती मैल गाडी चालते याला, आणि त्यानंतर अनुभवाच्या वर्षांना. तीन वर्षांत एकाहून अधिक दोषगुण नसलेल्या चालकाला किमान २० टक्के सूट देणे बंधनकारक आहे. तेथे सरकार प्रत्येक परवान्यामागे नोंद ठेवते म्हणून हे शक्य होते.

आपल्याकडेही हालचाल झाली आहे. वाहतूक नियमांचे उल्लंघन आणि विमा हप्ता यांची सांगड घालण्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये एक कार्यगट नेमला. त्याचा मसुदा जानेवारी २०२१ मध्ये पुढे आला. त्यात ‘वाहतूक उल्लंघन हप्ता’ असा विम्याचा आणखी एक, पाचवा भाग सुचविला होता. मद्य पिऊन गाडी चालविल्यास १०० गुण, चुकीच्या जागी गाडी लावल्यास १०, अशी गुणांची उतरंड होती. दिल्लीत प्रथम प्रयोग करावा अशी सूचना होती. कल्पना चांगली. मात्र हा हप्ता भरायचा होता गाडीच्या नोंदणीकृत मालकाने, मग गाडी कोणीही चालवीत असो. येथे पुन्हा तोच घोटाळा, फक्त उलट दिशेने. आणि आपल्याकडची रीत लक्षात घेता तो भुर्दंड मालकाच्या खिशातून जाईल की चालकाच्या पगारातून, हे सांगावयास ज्योतिषी नको. द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. वेगाची चलाने आता घरी मोबाइलवर येतात. ‘विमान सुटेल, दाबा जरा’ असे मागच्या आसनावरून सांगणारा प्रवासी चलानात कोठेही नसतो, आणि दोन फेऱ्यांच्या जागी तीन फेऱ्या बसविणारा मालकही नसतो.

२०२२ च्या जुलैत नियामकांनी आणखी एक दार उघडले. गाडी किती चालते व कशी चालविली जाते यांवरून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ठरविण्यास परवानगी दिली. गाडीत बसविलेले यंत्र किंवा मोबाइल वेग, अचानक दाबलेला ब्रेक, रात्रीचा प्रवास या गोष्टी टिपतो व त्यावरून गुण देतो. म्हणजे अपघात होईपर्यंत थांबावयासही नको. तथापि घाटात चालविणाऱ्याला याची थोडी धास्ती वाटणे साहजिक आहे. अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला तरी त्या वळणाचा उतार गेलेला नाही. तेथे समोरचा ट्रक थबकला की सावध चालकालाच ब्रेक जोराने दाबावा लागतो. यंत्राला तो बेफिकीर वाटेल. मैदानी रस्त्यावरच्या आणि घाटातल्या ब्रेकला एकच मोजमाप लावणे म्हणजे भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आणि आमच्या अंगणात पडलेल्या माणसाला सारखेच घसरडे म्हणण्यासारखे आहे.

मग करावे काय? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे नोंद परवान्याला जोडावी. परिवहन खात्याकडे वाहनांची ‘वाहन’ आणि परवान्यांची ‘सारथी’ अशा दोन संगणकीय नोंदवह्या देशभर आहेत. दाव्यांची माहिती विमा कंपन्यांकडे असतेच. दाव्याच्या अर्जात अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवीत होता हा रकानाही असतो, परवाना क्रमांकासह. म्हणजे माहिती कागदावर उतरते, फक्त ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यात दोष कोणाचा हेही नोंदवावे, आणि फ्रान्सप्रमाणे ठराविक वर्षांनी जुने पान मिटावे. आज व्यावसायिक वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नूतन करावा लागतो. त्या वेळी चालकाला मागील पाच वर्षांचा उतारा मिळाला, तर तो दाखवून पगाराची बोलणी करता येतील. स्वतःची गाडी घेताना तोच उतारा विमा कंपनीपुढे ठेवता येईल. मालकांचाही त्यात तोटा नाही, कारण कोणाच्या हाती गाडी द्यावी हे त्यांना आज केवळ ओळखीपाळखीवरून ठरवावे लागते.

यावर एक आक्षेप आमच्याच वर्गातील चर्चेत निघाला. चालकाची नोंद उघडी झाली तर एखाद्या अपघातानंतर त्याला कोणी कामच देणार नाही, आणि चालक मंडळी मालकांकडून जे सोसतात त्यात ही आणखी एक भर पडेल. आक्षेप खरा आहे. म्हणून उतारा चालकाच्याच हाती असावा आणि त्याने दाखविल्यावाचून तो कोणाला पाहता येऊ नये, एवढी दुरुस्ती मी त्यात करीन. वडिलांपुढे हे मांडले तेव्हा त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, ‘‘मागची एकवीस वर्षं धरतील का, का आजपासून मोजतील?’’ परवान्याचे नूतनीकरण येत्या मार्गशीर्षात आहे. अर्ज मीच भरणार आहे. त्यात पत्ता, रक्तगट आणि वाहनाचा प्रकार यांसाठी रकाने आहेत.